सोलापुरात फुटबॉल क्लब उगवायचा तर

[दृश्य : मे महिना, सकाळचे सहा. शहराच्या कडेचं मोकळं मैदान. कॅमेरा जमिनीलगत.]

ही भेग बघा. रुपयाचं नाणं उभं धरून सोडलं तर आत जातं, परत हाताला लागत नाही. पोरांचा चेंडू सरळ येतो, भेगेच्या काठावर टप्पा पडतो आणि भलतीकडेच उडतो. ज्याच्याकडे पास होता तो नुसता बघत राहतो.

ज्वारीला ही माती मानवते. मंगळवेढ्याची मालदांडी अशाच काळ्या रानात पिकते. फुटबॉलला मात्र ती वर्षातून दोनदा दगा देते. उन्हाळ्यात फाटते आणि सप्टेंबरच्या पावसात बूट धरून ठेवते. सोलापुरातून व्यावसायिक क्लब वर यावा अशी चर्चा चहाच्या टपरीवर रंगते, तेव्हा पहिला प्रश्न असतो, पैसे कोण घालणार? आमच्या मते सुरुवात ह्या भेगेपासून व्हायला हवी. प्रायोजकाचा नंबर बराच नंतर लागतो.

[दृश्य : डोंगरउतारावरची घरं, मधोमध हिरवं मैदान.]

आधी एका लहान गावाकडे जाऊ. मिझोरामची राजधानी ऐझॉल. 2011 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती, सोलापूरची साडेनऊ लाखांच्या घरात. ह्या ऐझॉलच्या क्लबनं 2016-17 ची आय-लीग, म्हणजे देशपातळीवरची व्यावसायिक क्लबांची लीग, जिंकली. ईशान्य भारतातल्या कुठल्याही क्लबला तोवर ते जमलं नव्हतं. 18 सामने, 11 विजय, 4 बरोबरी, 3 पराभव, 37 गुण. मोहन बागान 36 वर थांबलं. 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये शेवटचा सामना होता आणि एक गुण पुरेसा होता. यजमान शिलाँग लाजाँगनं आधी गोल केला, ऐझॉलनं दुसऱ्या सत्रात फेडला, 1-1.

गोष्ट इथवरच सांगितली की ती परीकथा वाटते. पण ह्याच क्लबची आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत घसरण झाली होती. त्यांच्याही खाली पुण्याचा डीएसके शिवाजियन्स होता. थेट प्रवेश घेतलेला क्लब म्हणून त्याला घसरणीपासून संरक्षण होतं, म्हणून कुऱ्हाड ऐझॉलवर पडली. पुढे गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं आणि ऐझॉलला परत घेतलं गेलं. म्हणजे नशीब होतंच. पण नशिबानं दार उघडलं तेव्हा आत शिरायला तयार संघ होता, आणि तो तयार असण्याचं कारण त्याच्या खाली होतं.

ते कारण म्हणजे 2012 साली सुरू झालेली मिझोराम प्रीमियर लीग. झोनेट ह्या स्थानिक केबल वाहिनीनं ती घराघरात थेट दाखवली. सामने ठरल्या तारखेला होऊ लागले, पोरं दर आठवड्याला खेळू लागली. दोन वर्षांत, 2014 ला, मिझोरामनं संतोष करंडक, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकला. 2015 ला ऐझॉल दुसऱ्या श्रेणीतून वर आला. पायऱ्या मोजल्या तर चमत्काराला फारशी जागा उरत नाही.

आय-लीग जिंकणाऱ्या ऐझॉलचे प्रशिक्षक होते खालिद जमील, अनेक वर्षं मुंबई एफसीला सांभाळलेले. त्यांच्या मागोमाग मुंबईचा जयेश राणेही तिकडे गेला. त्या मोसमात मुंबई एफसी तळाला राहिला आणि नंतर बंद पडला. खालिद जमील 2025 ला भारताच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक झाले.

[दृश्य : कुलूप लावलेलं फाटक, आत वाढलेलं गवत.]

महाराष्ट्रात पैसा कमी नव्हता. पुणे एफसी 2007 ला निघाला, 2012-13 ला आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि काही वर्षांत गुंडाळला गेला. भारत एफसी एकच मोसम टिकला. एफसी पुणे सिटी 2019 ला संपला. त्याच्या जागी आलेल्या हैदराबादनं 2021-22 ला इंडियन सुपर लीग जिंकली. मालक एकच असेल आणि त्याचा दुसरा धंदा बसला, तर क्लबही त्याच्यासोबत बसतो. उलट कोल्हापुरात पेठांचे आणि तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर पिढ्यान्‌पिढ्या खेळतात, कारण ते संघ कुणा एकाचे नाहीत. सोलापूरनं पुण्याकडून हिशेब शिकावा आणि कोल्हापूरकडून पेठ.

[दृश्य : जेसीबीचा दात काळ्या मातीत.]

आता मातीकडे. पूर्ण मापाचं मैदान 105 बाय 68 मीटर. भोवती चार-चार मीटर मोकळी पट्टी धरली तर 113 बाय 76, म्हणजे साधारण 8,600 चौरस मीटर. काळ्या मातीतला चिकणा अंश पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आकसतो. फुगला की त्यातून पाणी खाली जवळपास उतरतच नाही. म्हणून वरून नुसतं गवत लावून भागत नाही. पहिल्या वर्षी हिरवं दिसतं, दुसऱ्या वर्षी भेगा गवताची मुळं तोडतात, तिसऱ्या वर्षी पुन्हा हेच मैदान.

श्रीमंत उपाय म्हणजे फूट-सव्वा फूट माती काढायची, खाली छिद्रांचे पाइप पाच-सहा मीटरवर तिरपे टाकायचे, वर चार इंच खडी, त्यावर दहा-बारा इंच वाळू. जिल्ह्याच्या क्लबला तो झेपत नाही. झेपणारा उपाय उताराचा आहे. मधली रेघ उंच, दोन्ही बाजूंना उतार, मीटरला सात मिलिमीटर. मध्यापासून बाजूच्या रेघेपर्यंत 34 मीटर, म्हणजे मध्य साधारण 24 सेंटिमीटर उंच. डोळ्यांना कळत नाही, पाण्याला कळतं. कडेला चर, चरात पाइप, वर खडी. मग सगळ्या मैदानावर चार इंच वाळूचा थर.

हा थर किती होतो ते ऐका. 8,600 चौरस मीटरवर दहा सेंटिमीटर म्हणजे 860 घनमीटर, म्हणजे तीनशे ब्रासच्या पुढे (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दाबल्यावर वाळू बसते, म्हणून दहा टक्के जादा धरा. दहा चाकी हायवा डंपर पाचेक ब्रास आणतो, तेव्हा सत्तरच्या आसपास खेपा झाल्या. इथेच पहिली चूक होते. वाळू महाग म्हणून क्रशरची कच टाकतात. कचेतली भुकटी पहिल्या पावसात सिमेंटसारखी बसते आणि वर तळं साचतं. कच वापरायचीच तर धुतलेली हवी. मूठभर काचेच्या ग्लासात घाला, पाणी ओता, ढवळा, तासभर ठेवा. वर गाळाचा जाड थर दिसला तर गाडी परत पाठवा.

दुसरी चूक वेळेची. रोलर कधी फिरवायचा हे शेतकऱ्याला विचारा, तो एका शब्दात सांगेल : वाफसा. ओल्या मातीवर रोलर फिरवला तर ती विटेसारखी होते, आणि कोरड्यावर फिरवला तर नुसती धूळ.

गवत कुठलं? हरळी. शेतात जिला शिव्या घालतो तीच. ऊन सोसते, तुडवली तरी पुन्हा धरते, आडवी पसरून जखम भरते. लव्हाळा शिरला तर मात्र गाठीसकट खणून काढावा लागतो. वरून कापला की दुप्पट येतो.

पाणी हा सोलापुरातला नाजूक विषय. उजनीतून शंभर किलोमीटरहून लांब पाइपानं येतं आणि नळाला रोज येत नाही. आणि मे महिन्यात हरळीला दिवसाला सहा मिलिमीटर तरी लागतं. ह्या मैदानावर एक मिलिमीटर म्हणजे 8,600 लिटर. सहा म्हणजे पन्नास हजार लिटर, दहा हजारी टँकरच्या पाच खेपा, रोज. हंडे रांगेत असताना मैदानावर पिण्याचं पाणी उडवणारा क्लब पहिल्याच उन्हाळ्यात गाव गमावेल. सांडपाणी प्रक्रिया केंद्राजवळची जागा बघणं, किंवा उन्हाळ्यात गवत पिवळं पडू देणं, हे दोनच प्रामाणिक रस्ते. हरळी पिवळी पडली तरी मरत नाही. पाऊस आला की उठते.

मग कृत्रिम टर्फ टाकू, असं कुणीतरी म्हणतंच. कितीही तास खेळा, पाणी नको. खरंय. पण सोलापूरच्या एप्रिलमध्ये दुपारी त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो, तळपायाला फोड येतात, पाणी मारलं तर थंडावा अर्धा तास टिकत नाही. आणि आठ-दहा वर्षांत गालिचा बदलावा लागतो, त्याचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला काढायला हवेत. ते कुणी काढत नाही. सरावासाठी लहान टर्फ, सामन्यांसाठी हरळी, ही वाटणी बरी.

हरळीचं मैदान आठवड्याला सहा-सात तास खेळ सोसतं. त्यात क्रिकेट, मांडव आणि सभा मिसळल्या की संपलं. मांडवाचा खड्डा वरून मातीनं झाकलेला असतो आणि पाय मुरगळल्यावरच सापडतो. परवानगी देतानाच अट घाला : खांब जमिनीत जाणार नाही, वाळूच्या पोत्यांवर उभा राहील.

[दृश्य : प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं.]

मैदानानंतर कागद. हा भाग कंटाळवाणा आहे आणि क्लबचा सगळ्यात जास्त पैसा इथेच गळतो.

खेळाडू परदेशी क्लबकडे करार शिल्लक असताना विकला गेला, तर फिफाच्या नियमानं रकमेतले पाच टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांना जातात. वयाच्या 12 ते 15 ह्या मोसमांसाठी दर मोसमाला पाव टक्का, 16 ते 23 साठी अर्धा टक्का. समजा रक्कम एक कोटी आणि पोरगा तेराव्यापासून अठराव्यापर्यंत तुमच्याकडे. तीन मोसमांचे 75 हजार, पुढच्या तिनांचे दीड लाख, एकूण सव्वादोन लाख. जिल्ह्याच्या क्लबसाठी हे वर्षभराचे चेंडू, रेघा आखायची फक्की आणि प्रवास. पण पोरगा त्या वर्षांत तुमच्या क्लबकडे भारतीय फुटबॉल महासंघाच्या संगणकीय नोंदणीत असला पाहिजे. तो फक्त शाळेच्या वहीत असेल, तर घडवलात तुम्ही, पैसा दुसऱ्याला.

आणि नोंदणी अडते नावावर. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी येतं. जन्मदाखल्यावर एक क्रम, आधारवर दुसरा, शाळेच्या दाखल्यावर आडनावाचं तिसरंच स्पेलिंग. मोसम सुरू व्हायच्या आठवड्यात हे निघालं तर पोरगा बाकावरही बसू शकत नाही. बाराव्या वर्षीच तिन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. जन्माची नोंद उशिरा झालेली असेल तर वयाचा संशय येतो, प्रकरण वय ठरवायला मनगटाच्या हाडांच्या तपासणीपर्यंत जातं.

पगाराचंही तेच. फिफाच्या नियमात दोन महिन्यांचा पगार थकला, खेळाडूनं लेखी कळवलं आणि पंधरा दिवसांत भरला गेला नाही, तर तो करार मोडून मोकळा होतो. शिवाय भरपाईचा दावा, आणि ती थकवली तर नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी. तीन महिन्यांसाठी आणलेला एक परदेशी स्ट्रायकर पुढचे दोन मोसम खाऊ शकतो. आधी बँकेत सहा महिन्यांचे पगार, मग सही.

[दृश्य : रात्रीचं सोलापूर स्टेशन. बॅगा, चेंडूंची जाळी.]

वरची वाट म्हणजे उतरंड आहे. जिल्हा, मग राज्य, राज्य संघटनेची शिफारस, आणि 2023-24 पासून आय-लीगची तिसरी श्रेणी, पुढे दुसरी, पहिली. महाराष्ट्रात ही संघटना म्हणजे विफा, कार्यालय मुंबईत कूपरेजला. त्यामुळे प्रवास टळत नाही. वीस खेळाडू, पाच माणसं वरची. रेल्वेच्या एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणून पाच तिकिटं, आणि डबे वेगळे. गोलरक्षकाला बाजूचा आखूड बर्थ देऊ नका, सकाळी त्याची पाठ धरलेली असते. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं जाऊन त्याच दुपारी खेळणं म्हणजे तिकिटाचे पैसे वाचवून गुण देऊन येणं.

खरी उणीव सामन्यांची आहे. वर्षाला आठ-दहा बाद फेरीचे सामने खेळून, त्यातले निम्मे पहिल्याच दिवशी हरून, कुणी व्यावसायिक होत नाही. आठ संघांची घरच्या-बाहेरच्या सामन्यांची साधी लीग लावली तर प्रत्येकाला चौदा सामने मिळतात, आणि हरलेल्यालाही पुढच्या रविवारी मैदानावर यावं लागतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा मोकळा सोडा; त्या आठवड्यात प्रेक्षकही येत नाही आणि पंचही.

[दृश्य : जूनचा पहिला पाऊस. माणसं वाकून हरळीच्या कांड्या लावतायत.]

कांड्या चार-पाच इंचांवर लावायच्या, निम्मी कांडी वाळूत, निम्मी वर. आठ-दहा आठवडे आत कुणी नाही. चहूबाजूंनी दोरी. दोरीपलीकडे पोरं मुरमावर खेळतात, चेंडू आत गेला की अनवाणी जाऊन आणायचा, एवढीच मुभा. पहिली कापणी हरळी दीड इंचाची झाली की, एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त नाही.

ऑगस्टच्या शेवटी गोलपोस्टसमोर बसून एक वेल बोटात धरून ओढायचा. सुटून हातात आला तर दोरी अजून पंधरा दिवस तशीच. वाळूला घट्ट धरून तुटला, तर फक्कीचा गाडा बाहेर काढा.