दाराच्या वरच्या कोपऱ्यातली शिट्टी

[दृश्य: पहाट, समृद्धी महामार्ग. काचेतून पुढचा रस्ता. बारा सेकंदं फक्त गाडीच्या आतला आवाज.]

ऐकलंत? मधे काँक्रीट संपून डांबर लागलं तेव्हा खालची घरघर बदलली. ती टायरची. वरची बारीक शिट्टी मात्र रस्ता बदलला तरी तशीच राहिली. ती वाऱ्याची. डावीकडच्या पुढच्या दाराचा वरचा कोपरा, आरशाच्या जरा मागे, तिथून ती येतेय.

नागपूर ते मुंबई हा रस्ता ७०१ किलोमीटरचा. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. गावात आणि जुन्या हायवेवर ६०-८० ने चालणाऱ्या गाड्या इथे तासन् तास या वेगाने धावतात, आणि दारातला जो दोष इतकी वर्षं गप्प होता तो बोलायला लागतो. पत्र्याच्या कडांवर आदळणाऱ्या वाऱ्याच्या आवाजाची ऊर्जा वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. ८० वरून १२०, म्हणजे वेग दीडपट, तर आवाजाची ऊर्जा अकरापटीच्या आसपास. कानाला तो जवळजवळ दुप्पट भासतो. मेकॅनिकने गल्लीत एक चक्कर मारून "काही नाही, ठीक आहे" म्हटलं, तर तो खोटं बोलत नसतो. गल्लीत तो आवाज खरंच नसतो.

[दृश्य: दाराच्या वरच्या चौकटीवर बोट फिरतंय.]

आता दाराची ही वरची चौकट बघा. खालचा भाग बिजागऱ्या आणि लॉक यांच्यात घट्ट धरलेला असतो, पण काचेभोवतीची ही कमान वर मोकळीच असते. वेगात समोरच्या काचेच्या कडेच्या खांबाला वळसा घालून जाणारं वारं इथे बाहेरच्या बाजूला दाब कमी करतं. आतला दाब त्यामानाने जास्त. त्यामुळे कमान केसभर बाहेर ओढली जाते, रबर आणि पत्रा यांच्यात फट पडते आणि आतली हवा तिथून सूं करत बाहेर निघते. उभ्या गाडीत दार व्यवस्थित बंद दिसतं आणि शंभरला शिट्टी वाजते, ती यामुळे.

आवाजाची जात ओळखली तर अर्धी शोधाशोध वाचते. बारीक शिट्टी म्हणजे अरुंद फट किंवा धारदार कड. सतत सूं म्हणजे रबरातून गळती. फडफड म्हणजे सुटलेली पट्टी. फडफड असेल तर आधी पावसासाठी लावलेले डोअर व्हायझर आणि काचेखालची क्रोमची पट्टी बघा. आपल्याकडे या दोन गोष्टी बहुतेक नंतर डबल टेपने चिकटवलेल्या असतात, आणि उन्हाने टेपचं पुढचं टोक आधी सुटतं. नख घालून बघा. नख आत गेलं, तर वारंही जातं.

[दृश्य: मास्किंग टेपचा रोल, दारावर टेप लावणारे हात. हा भाग लांब ठेवला आहे.]

या सगळ्या कामातलं सगळ्यात मोलाचं हत्यार हे. रंगारी वापरतात तो साधा मास्किंग टेप, २४ किंवा ४८ मिलिमीटर रुंद. बाजारात आवाज बंद करण्यासाठी दाराच्या पत्र्याला चिकटवायचे जाड शीट मिळतात, नवीन बीडिंगचे, म्हणजे दाराभोवतीच्या रबराचे, सेट मिळतात. यातलं काहीही विकत घेण्याआधी टेप लावा. पत्र्यावरचे शीट पत्र्याची थरथर कमी करतात, फट बुजवत नाहीत. भोक कुठे आहे ते कळल्याशिवाय खर्च केलेला प्रत्येक रुपया अंदाजावर जातो.

दार पुसून कोरडं करा. मग प्रत्येक सांधा झाका: व्हायझरची कड, आरशाच्या बुडाभोवती, आरशाजवळचा काळा त्रिकोण, पुढच्या खांबाशी असलेली उभी फट, छतालगतची आडवी फट, मागच्या दाराशी असलेली उभी फट, काचेची कड आणि काचेच्या तळाशी असलेली बाहेरची रबरपट्टी. टेपची वाऱ्याकडची कड अंगठ्याने नीट दाबा, नाहीतर शंभरला टेपच फडफडेल आणि तुम्ही त्याच्याच मागे लागाल. प्रत्येक तुकड्याचं एक टोक दुमडून ठेवा, काढायला सोपं जातं. चालकाच्या दाराची चाचणी असेल तर फक्त वरचा अर्धा भाग झाका. घाईत दार ढकललं तर मास्किंग टेप फाटतो. पॅकिंगचा चिवट टेप फाटत नाही, म्हणून तो नको.

ब्लोअर बंद, हवा आतल्या आत फिरणारी, चारही काचा वर. चालकाने फक्त गाडी चालवायची. ऐकणारा माणूस वेगळा. त्याच्या हातात मोबाइल, आवाज मोजणारं ॲप सुरू, आणि दर वेळी मोबाइल त्याच जागी, त्याच उंचीवर. मोबाइलचा आकडा प्रयोगशाळेसारखा अचूक नसतो, पण आधीचा आणि नंतरचा यातला फरक तो बऱ्यापैकी सांगतो. तीन डेसिबल उतरले म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी झाली. वारा समोरून आहे की मागून, यावर आकडा हलतो, म्हणून जाताना आणि येताना, दोन्ही मोजा.

सगळा टेप असताना शिट्टी गेली, तर दोष याच दारात आहे. आता पेट्रोल पंपावर किंवा विश्रांतीच्या जागी थांबायचं, एक तुकडा काढायचा आणि पुन्हा तेच अंतर, तोच वेग. महामार्गाच्या कडेला यासाठी थांबायचं नाही. ज्या तुकड्यानंतर शिट्टी परत आली, तिथे भोक आहे. सगळा टेप असूनही आवाज तसाच असेल, तर हे दार निर्दोष. छतावरचा कॅरिअर किंवा समोरच्या काचेची कड बघा. टेप उन्हात दिवसभर ठेवू नका, गोंद रंगावर राहतो.

[दृश्य: टेपचे दोन तुकडे बाजूला काढून ठेवलेले. आरशाचा त्रिकोण. छताजवळचा कोपरा.]

या गाडीत दोन जागा निघाल्या.

पहिली, आरशाचं बूड. आतल्या बाजूला हा छोटा प्लास्टिकचा त्रिकोण आहे. प्लास्टिकची चपटी पट्टी घालून तो हळूच उचकटायचा. स्क्रू ड्रायव्हर घातला तर दाराच्या पॅडवर, म्हणजे आतल्या आवरणावर, कायमचा खड्डा पडतो. काही गाड्यांत त्यामागे छोटा स्पीकर असतो, त्याची वायर आधी सोडा. मागे बहुतेक गाड्यांत तीन नट असतात, साधारण १० चा पान्हा लागतो. नट सोडण्याआधी हे बघा: खालच्या पोकळीत कापडाचा बोळा कोंबलाय. तो नसेल तर नट दाराच्या पोटात पडतो आणि अर्ध्या तासाच्या कामासाठी अख्खं डोअर पॅड उतरवावं लागतं. शेवटचा नट सुटेपर्यंत दुसऱ्या हाताने आरसा बाहेरून धरून ठेवायचा. तो वायरवर लोंबकळता कामा नये.

[दृश्य: अगदी जवळून. जुना फोम बोटाने चोळला जातो.]

हा मूळचा फोम. बोट लावलं की भाकरीच्या जळक्या पापुद्र्यासारखा भुगा होतोय. एकेकाळी तो दाबला जाऊन आरसा आणि पत्रा यांच्यातली जागा भरत होता. आता पुढच्या कडेला दीडेक इंच तो नाहीच.

भुगा पुसून काढा आणि कागदावर जुन्या आकाराचा साचा उतरवून घ्या. नवीन फोम बंद पेशींचा हवा, म्हणजे पाणी न पिणारा. ओळखायची रीत सोपी: तुकडा पाण्यात बुडवून पिळा. पाणी निघालं तर तो इथे चालणार नाही. असा स्पंज ओला राहतो आणि त्याखाली पत्रा गंजतो. आरशाच्या बुडाला ५ मिलिमीटर जाडीचा पुरतो. जोड खालच्या बाजूला ठेवा, पुढे किंवा वर नको. वाऱ्याच्या आणि पाण्याच्या तोंडावर जोड आला की तो आधी उघडतो. आरसा बसवताना तिन्ही नट आधी हाताने आवळा, मग आळीपाळीने थोडेथोडे. एकच नट पूर्ण आवळून टाकला तर बूड तिरकं बसतं आणि ओतीव स्टड तुटायची भीती असते. कापड काढायला विसरू नका.

दुसरी जागा वरचा कोपरा. इथलं बीडिंग चपटं झालंय. हे रबर ईपीडीएम जातीचं असतं: खालचा भाग कडक, आत लोखंडी पट्टी घातलेला, पत्र्याच्या कडेवर चिमट्यासारखा बसणारा, वरचा भाग पोकळ आणि मऊ. वर्षानुवर्षं दाबात आणि उन्हात राहून पोकळ भाग फुगणं विसरतो. त्यावर ही बारीक भोकं दिसतायत? दार लावताना आतली हवा तिथून निघते. ती बुजवू नका.

किती चपटं झालंय ते कागदाने कळतं. कागदाची पट्टी रबर आणि दार यांच्यात धरा, दार लावा, ओढा. दर हातभर अंतरावर नको, दर १० सेंटिमीटरवर करा. चांगल्या जागी कागद घासत, जोर लावून निघतो. या कोपऱ्यात बघा, नुसता सरकला.

आता फट मोजायची, आणि त्यासाठी स्वयंपाकघरात जायचं. कणकेची छोटी गोळी, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून, रबर लागतं त्या जागेलगत ठेवा. दार नेहमीच्या जोराने लावा, उघडा. दबलेल्या कणकेची जाडी म्हणजे तिथली जागा. इथे ती ४ मिलिमीटर भरली. चिकटवायचं डी आकाराचं रबर दबून साधारण तिसरा हिस्सा कमी व्हायला हवं, म्हणून ४ च्या जागेला ६ मिलिमीटर उंचीचं घेतलंय. बहुतेकांची चूक इथेच होते. जाड रबर जास्त सील करेल असं वाटतं. प्रत्यक्षात जाड रबर दाराची वरची कमान बाहेर ढकलतं आणि आधी नव्हती तिथे नवी फट करतं.

चिकटवण्याआधी जुनं बीडिंग त्या कोपऱ्यात हातभर सोडून बघितलंय. पत्र्याची कड गंजलेली नाही, पण रबराचा चिमटा फाकलाय. पक्कडीला कापड गुंडाळून तो हलका दाबला आणि रबराच्या हातोडीने ठोकून परत बसवला. कधीकधी एवढ्यानेच काम होतं. अख्खं बीडिंग नवीन घालायचं असेल तर आधी कोपरे बसवा, जोड खाली येऊ द्या आणि ओढून लांबवू नका. ताणलेलं रबर काही आठवड्यांत आकसतं आणि कोपरे सोडतं.

जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर, पेट्रोल, रॉकेल अजिबात नाही. थिनर रंग खातो, पेट्रोल-रॉकेलने हे रबर फुगतं आणि सैल होतं. पावसाळ्यात पत्र्यावर न दिसणारी ओल असते, म्हणून केस वाळवायच्या ड्रायरने तो भाग कोमट करून घ्या. डी रबर दाराच्या चौकटीच्या सपाट भागावर, जुन्या बीडिंगच्या आतल्या बाजूला लावा. बाहेर लावलं तर पावसाचं पाणी वाहून जायची वाट अडते. फक्त दोषाची जागा आणि दोन्हीकडे चार-चार बोटं जास्त. टोकं तिरकी कापा. मग पूर्ण पट्टी, एका वेळी चार बोटांएवढा भाग, दहा-दहा सेकंद दाबून धरा. दार लावून २४ तास तसंच राहू द्या आणि तोवर धुऊ नका.

[दृश्य: दार बंद होतंय. दोन खटके स्पष्ट ऐकू येतात.]

दोन खटके. एकच ऐकू आला तर दार अर्धं लागलंय आणि रबर जाड झालंय. काढा, पातळ लावा. दार आपटावं लागत असेल तर एक काच थोडी खाली करून पुन्हा लावा. आता सहज लागलं, तर अडथळा बराचसा आतल्या कोंडलेल्या हवेचा आहे. पुढचं दार मागच्या दाराच्या पत्र्यापेक्षा बाहेर राहत असेल तर लॉकचा स्ट्रायकर, म्हणजे लॉक ज्यात अडकतं तो खांबावरचा कडा, आत घ्यावा लागतो: आधी मार्करने त्याची मूळ जागा आखायची, मग एका वेळी एक मिलिमीटर.

आणि सिलिकॉन सीलंटची नळी? दाराच्या फटीत ती भरू नका. दार उघडलं की ती सुटते, आंबूस वासाचं सीलंट उघड्या पत्र्याला गंज लावतं, आणि नंतर ते खरवडताना मूळचं रबर फाटतं. रबरावर हात फिरवायचाच असेल तर सिलिकॉन ग्रीस, बोटभर, पातळ.

[दृश्य: मगाने छतावरून पाणी सोडलं जातंय. दाराखालच्या भोकांतून धार.]

छतावरून पाच मिनिटं हळू पाणी. दाराच्या खालच्या कडेच्या या भोकांतून ते बाहेर आलंच पाहिजे. काचेच्या कडेने थोडं पाणी दाराच्या पोटात जातंच, त्याची वाट हीच. चिखलाने बुजली असतील तर काडीने मोकळी करा. नाहीतर दार आतून गंजतं, कनेक्टर खराब होतात, मॅटखाली ओल धरते.

[दृश्य: तोच रस्ता, तीच दिशा, काटा त्याच जागी. पडद्याच्या कोपऱ्यात मोबाइलचे दोन आकडे, आधीचा आणि आत्ताचा.]

मोबाइल त्याच जागी आहे. काचा वर, ब्लोअर बंद. पुढची वीस सेकंदं निवेदन नाही.