साइक्सला कुणी 'ख्रिश्चन' म्हणतं का?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय, डिकन्स ज्यूद्वेष्टा होता का? त्याची 'ऑलिव्हर ट्विस्ट' ही कादंबरी १८३७ ते १८३९ मध्ये मासिकातून हप्त्याहप्त्याने आली. अनाथ पोरगा, लंडन, पाकीटमारांची टोळी, गोष्ट माहीतच आहे. पुढे जाऊ.

या टोळीचा म्होरक्या फेगिन पहिल्यांदा दिसतो ते पान काढा. विस्तवावर सॉसेज तळतायत, हातात भाजायचा लांब काटा, लाल केसांच्या गुंत्याआड किळसवाणा चेहरा. अगदी सैतानच! टोळीतल्या डॉजर या पोराने त्याचं नाव आधीच घेतलंय, तरी निवेदक म्हणतो 'म्हातारा ज्यू'. मग पानोपानी तेच. ज्यू हसला, ज्यू म्हणाला.

खलनायक ज्यू आहे, यावर माझा आक्षेप नाहीच. त्याच गोष्टीतला दरोडेखोर बिल साइक्स बघा, स्वतःच्या प्रेयसीचा, नॅन्सीचा जीव घेणारा. "ख्रिश्चनाने दार ढकललं" असं वाक्य कुठे सापडतं का? मी हे वर्गात म्हणून दाखवलं तर पोरं खो-खो हसली. हसणारच! साइक्सचं पाप साइक्सच्या नावावर, फेगिनचं मात्र अख्ख्या समाजाच्या.

आता ती लाडकी कमेंट: "सर, त्या काळी असंच चालायचं." अहो, त्याच काळातल्या बाईंनी जाब विचारलाय! १८६३ मध्ये एलायझा डेव्हिस यांनी डिकन्सला पत्र लिहिलं. त्यांच्या यजमानांनी डिकन्सचंच लंडनमधलं घर विकत घेतलं होतं. डिकन्सचं उत्तर काय, तर तेव्हा असे गुन्हेगार बहुतेक ज्यूच असायचे, आणि बाकीचे दुष्ट ख्रिश्चनच आहेत की! असतील हो, पण त्यांना कुणी धर्माने हाक मारतं का? परत तिथेच आलो.

पत्र मात्र लागलं. १८६७ च्या आवृत्तीत, विशेषतः उत्तरार्धात, कितीतरी ठिकाणी 'ज्यू' जाऊन 'फेगिन' आला. फेगिनच्या फाशीआधीच्या रात्रीच्या प्रकरणाचं शीर्षकही बदललं. त्याआधी 'अवर म्युच्युअल फ्रेंड' या कादंबरीत राया हा सज्जन ज्यू आणला. इतका सज्जन, की मला तर कंटाळा येतो. पण त्याचा मालक फ्लेजबी! खरा सावकार हा, ख्रिश्चन, आणि वसुलीला पुढे करतो रायाला. कर्जदार शिव्या घालतात त्या म्हाताऱ्या ज्यूला, फ्लेजबी आत बसून मजेत. ज्यू म्हणजे लुबाडणाराच, ही लोकांची समजूत त्याने चक्क धंद्याला लावलीय. रायावर नको, व्हिडिओ करायचा तर या फ्लेजबीवर.