मंत्र्याची खुर्ची नेमकी कधी रिकामी होते?

जुलै २०१७. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प आपल्याच ॲटर्नी जनरलवर, म्हणजे तिथल्या न्यायमंत्र्यावर, उघड तोंडसुख घेत होते. २०१६ च्या निवडणुकीतल्या रशियाच्या हस्तक्षेपाच्या चौकशीतून हे मंत्री, जेफ सेशन्स, बाजूला झाले, याचा हा राग होता. सेशन्स आता चार दिवसांचे सोबती, असं अनेकांनी धरून टाकलं.

सेशन्स गेले ७ नोव्हेंबर २०१८ ला. पंधरा महिने उलटून गेल्यावर.

अडलं कुठे? सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात. मंत्र्याला काढायला अध्यक्षांचा शब्द पुरतो. कायमस्वरूपी नवा नेमायला मात्र सिनेटची मंजुरी लागते. सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष चक ग्रासली हे ट्रम्प यांच्याच पक्षाचे. त्यांनी २६ जुलैला ट्विटरवर बजावलं की, यंदाचं कामकाज ठरलंय, ॲटर्नी जनरलची नेमणूक त्यात बसणार नाही. राग अध्यक्षांचा होता, वेळापत्रक मात्र दुसऱ्याच्या हातात.

म्हणूनच बातम्यांमधली नाराजी हा मला सर्वांत कच्चा पुरावा वाटतो. विश्वासाची ग्वाहीसुद्धा तशीच. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मायकेल फ्लिन यांच्यावर अध्यक्षांचा पूर्ण विश्वास आहे, असं १३ फेब्रुवारी २०१७ ला दुपारी सांगितलं गेलं. त्याच रात्री त्यांचा राजीनामा आला. या पदाला सिनेटची मंजुरी लागतच नाही.

मग मंत्री जाणार की टिकणार, याचा अंदाज बांधताना पाहायचं काय? आधी जुना हिशेब: या पदावरची माणसं साधारण किती काळ टिकली, आणि कार्यकाळाच्या कोणत्या टप्प्यावर गेली. सेशन्स गेले ते मध्यावधी निवडणुकीच्या, म्हणजे अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर होणाऱ्या संसदेच्या निवडणुकीच्या, दुसऱ्या दिवशी. २००६ मध्ये संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्या गच्छंतीची घोषणाही अशाच निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी झाली. १९७२ मध्ये फेरनिवड होताच अध्यक्ष निक्सन यांनी अख्ख्या मंत्रिमंडळाकडे राजीनामे मागितले. त्या हिशेबात मग चौकशी, वारस मिळण्याची अडचण, सिनेटमधलं संख्याबळ मिळवत जायचं.

आणि उत्तर आकड्यात द्यायचं, मुदतीसह. १९५० मध्ये ग्लेन ब्रायर यांनी हवामानाच्या अंदाजांसाठी सुचवलेली मोजणी इथेही चालते: दिलेली शक्यता आणि निकाल (घडलं तर १, नाही तर ०) यांतल्या फरकाचा वर्ग म्हणजे दंड. ‘जाणार’ याला ९० टक्के दिले आणि मंत्री टिकला, तर दंड ०.८१, ६० टक्के दिले असते, तर ०.३६.

प्रश्नही काटेकोर हवा. संरक्षणमंत्री जिम मॅटिस यांनी २० डिसेंबर २०१८ ला राजीनामा दिला, फेब्रुवारीअखेर जाण्यासाठी. ट्रम्प यांनी तीनच दिवसांत जाहीर केलं की १ जानेवारीपासून पदभार दुसऱ्याकडे. ‘२०१८ मध्ये मॅटिस जातील का?’ या प्रश्नात राजीनाम्याचा दिवस धरायचा की पद सुटण्याचा, हे आधी ठरवलं नसेल, तर दोघे जण एकाच घटनेवर उलट निकाल मागतील.