चिउऱ्याचे कांदेपोहे: टोकियोतलं वाणसामान

(दृश्य: टोकियोच्या तोझाई मेट्रो लाइनचा डबा, रविवारची सकाळ. पायाशी चाकांची रिकामी पिशवी.)

ही पिशवी आत्ता रिकामी आहे. दुपारी परतताना तिच्यात चौदा-पंधरा किलो ओझं असेल, म्हणून कुठल्या स्टेशनात लिफ्ट कुठल्या टोकाला आहे, ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

मी राहते निशी-कासाईला, टोकियोच्या पूर्वेकडे. महिन्याचं वाणसामान भरायला जाते शिन-ओकुबोला. ते पश्चिमेकडे, शहर ओलांडून. तोझाई लाइनने ताकादानोबाबा, तिथून यामानोते लाइनने एकच स्टेशन. जाऊन-येऊन भाडं साधारण आठशे येन. तूरडाळीत किलोमागे शंभर-दीडशे येन वाचतात, म्हणजे सहा-सात किलो डाळ घेतली तेव्हा कुठे गाडीभाडं निघालं. हा हिशोब पहिल्या वर्षी मी केलाच नव्हता. दोन किलो तूर आणि पाव किलो जिरं घेऊन, फार बचत केली अशा आनंदात घरी आले होते.

(दृश्य: निशी-कासाई स्टेशनबाहेरचा चौक.)

मग घराजवळ काही मिळत नाही का? मिळतं की. या भागात भारतीय वस्ती वाढली ती 2000 सालाच्या आसपास, वायटूकेच्या, म्हणजे 2000 साल लागताना संगणकांत होणारा तारखांचा घोळ निस्तरायच्या, कामांसाठी इंजिनिअर आले तेव्हा. तोझाई लाइन इथून थेट ओतेमाची या शहराच्या मध्यभागातल्या ऑफिसांत नेते. शिवाय यूआरच्या निमसरकारी इमारतींत घर घ्यायला जामीनदार लागत नाही आणि घरमालकाला ‘रेइकिन’, म्हणजे कधीच परत न मिळणारी रक्कम, द्यावी लागत नाही. जगमोहन चंद्राणी हे चहाचे व्यापारी त्याच्याही खूप आधीपासून इथे राहत होते. नव्याने आलेल्या या मुलांचे खाण्याचे हाल पाहून त्यांनीच जेवणाची सोय केली. 2019 साली तर आपले योगेंद्र पुराणिक याच भागाच्या, एदोगावा प्रभागाच्या, सभागृहात निवडून आले. मराठी माणूस सभागृहात पोहोचला. गोडा मसाला मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात अजून नेमाने पोहोचत नाही.

इथली भारतीय दुकानं चांगली आहेत, फक्त जरा महाग. आणि जपानी सुपरमार्केटात हळद मिळते ती काचेच्या चिमुकल्या बाटलीत, पंधरा-वीस ग्रॅम. आपल्या घरात ती बाटली आठवडाभरही पुरायची नाही.

(दृश्य: शिन-ओकुबो. स्टेशनच्या एका बाजूला कोरियन दुकानांची झगमग. कॅमेरा दुसऱ्या बाजूच्या गल्लीत वळतो.)

गर्दी डावीकडे-उजवीकडे वाटली जाते. कोरियन क्रीम आणि चीजवाले हॉटडॉग हवे असलेल्या मुली एकीकडे, डाळ-तांदूळ हवे असलेले आम्ही दुसरीकडे. या गल्लीला ‘इस्लामु योकोचो’ म्हणतात, इस्लामी गल्ली. बांगलादेशी, पाकिस्तानी, नेपाळी, भारतीय दुकानं एकमेकांना खेटून. दाराशी कांद्याची पोती, आत छतापर्यंत डाळी, फ्रीझरमध्ये हिल्सा मासा आणि त्याच्याच शेजारी खवलेला नारळ.

पाकीट उलटं करून बघायची सवय मला इथेच लागली. मागे जपानी चिठ्ठी असते, तिच्यावर मूळ देश लिहावाच लागतो. मसूर बऱ्याचदा कॅनडाची किंवा ऑस्ट्रेलियाची. तूर म्यानमारची, कधी आफ्रिकेतली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. पण लातूरच्या डाळमिलमध्येही म्यानमारची तूर भरडली जाते, मग मी कशाला नाक मुरडू?

स्वस्ताईचं कारण मात्र त्या चिठ्ठीवर नसतं. ते काउंटरवर कळतं. माझ्यापुढच्या रांगेत बहुतेक नेपाळी मुलं असतात. 2024 च्या अखेरीस जपानमध्ये नेपाळी दोन लाखांच्या वर होते, भारतीय पन्नास हजारांच्या जरा वर. ही मुलं भाषाशाळेत शिकतात, रात्री कारखान्यात नाहीतर बेंतोच्या डब्यांवर काम करतात आणि दोन वेळा डाळ-भात खातात. त्यांच्यासाठी कंटेनर भरून डाळ येते, म्हणून मला ती या भावात मिळते. ज्या जिनसा फक्त आपणच खातो, त्यांचे भाव बघा: ज्वारीचं पीठ, कोकम, साबुदाणा. असले तर एका कोपऱ्यात, धूळ झटकून घ्यायचे, आणि किंमत ऐकून उपास आपोआप घडतो.

(दृश्य: स्वयंपाकघर. ओट्यावर उघडी बॅग, स्टीलचे डबे.)

या जिनसा मग पुण्याहून बॅगेतून येतात. आईला नियम समजावता समजावता मीच त्यात तरबेज झाले. ऑक्टोबर 2018 पासून जपानने ताज्या पाल्या-फळांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र सक्तीचं केलं. सुका मसाला दुकानातल्या सीलबंद पाकिटात असला तर चालतो. आईने तरीही वर्तमानपत्रात गुंडाळून कढीपत्त्याच्या चार काड्या घातल्याच होत्या. नारिता विमानतळावर त्या ओल्या पेपरासकट तपासणीच्या टेबलावर राहिल्या. आता बाल्कनीत कुंडी आहे. डिसेंबरात ती घरात, टीव्हीशेजारी येते, तरी फेब्रुवारीपर्यंत तिच्यावर सहा-सात पानं उरतात. त्या दिवसांत फोडणीला दोनच.

तांदळाचं गणित उलटं आहे. खासगी व्यापाऱ्यांनी आयात केलेल्या तांदळावर जपान किलोमागे 341 येन जकात घेतो, म्हणून बासमती इथे कधी स्वस्त वाटलाच नाही. मला त्याचं दुःख नाही. वरणभाताला इथला आखूड, चिकटसर तांदूळच बरा. इंद्रायणीवर वाढलेल्या माणसाला तो पहिल्या घासाला ओळखीचा लागतो. 2025 च्या वसंतात मात्र याच तांदळाचं पाच किलोंचं पोतं 4,000 येनच्या वर गेलं. जपानी शेजारीण लिफ्टमध्ये मला विचारत होती, तुमचा तो लांब तांदूळ कुठे मिळतो हो?

(दृश्य: हातात तांदळाच्या पिठाचं जपानी पाकीट. मोदकाच्या कळ्या.)

आणि ज्याच्यासाठी मी वर्षभर शिन-ओकुबो पालथं घातलं, ते पीठ घरासमोरच्या सुपरमार्केटात होतं. ‘जोशिन्को’. साध्या तांदळाचं, धुऊन वाळवून दळलेलं. त्यांच्या दांगो नावाच्या गोड गोळ्यांसाठी असतं. उकडीला अगदी नेमकं. मी आधी शेजारचं ‘मोचिको’ उचललं होतं, ते चिकट तांदळाचं. त्या गणेश चतुर्थीला अकरा मोदक वाफेवर ठेवले आणि झाकण काढलं तेव्हा एकच मोठा मोदक होता. नैवेद्य दाखवला. गणपतीने काही तक्रार केली नाही.

पालेभाजीचंही तसंच. ‘कोमात्सुना’ ही माझ्याच एदोगावातली भाजी. कोमात्सुगावा या इथल्या गावावरून तिचं नाव पडलं. मोहरीच्या पाल्याची पुसटशी चव. मुगाची डाळ, लसूण, वरून लाल मिरचीची फोडणी. पालकापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त. कोथिंबीर मात्र ‘पाकुची’ या नावाने जी मिळते ती चार काड्यांना फुलांच्या भावात, तेव्हा तीही शिन-ओकुबोहूनच.

थंडीत आमच्या इमारतीतल्या पाच घरांची ऑर्डर एकत्र जाते, ठरावीक रकमेच्या वर डिलिव्हरी फुकट म्हणून. पीठ कुणाचं, डाळ कुणाची, हे आमच्या दारात बसून वाटायचं. कुरिअरवाला इतका वाकून नमस्कार करतो की त्या खोक्यांचं वजन आम्हालाच जाणवतं.

(दृश्य: पुन्हा शिन-ओकुबो. नेपाळी दुकानाचं काउंटर.)

आपले जाड पोहे दुकानात अर्धा किलोच्या पाकिटात, आणि महाग. एकदा खालच्या कप्प्यात मोठी पिशवी दिसली: चिउरा. फोडून बघायची सोय नव्हती, म्हणून प्लास्टिकवरूनच चिमटीत दाबून पाहिला. कोरडा, कडक, पण पोहेच. किलोचा भाव आपल्या पाकिटाच्या जवळपास निम्मा. तेव्हापासून रविवारचे कांदेपोहे चिउऱ्याचे. फक्त नुसता धुऊन निथळला तर दाताखाली कचकचतो. पाण्यातून काढून दहा मिनिटं झाकून ठेवावा लागतो, मग त्याला हळद-मीठ.

काउंटरवरचा मुलगा मला आता ओळखतो. परवा तीन किलो घेतला तेव्हा म्हणाला, “दिदी, इतका चिउरा? घरात लग्न आहे का?”

मी म्हटलं, नाही रे, नाश्त्याला. भिजवायचा, कांदा परतायचा, वर लिंबू.

तो थांबलाच. बारकोडचं यंत्र हातात तसंच.

“भिजवता? मऊ करून खाता?”

आणि मागच्या मित्राला नेपाळीत काहीतरी सांगून दोघंही हसत सुटले.