हेस्टरपासून पळणारं ऊन

[पडद्यावर: विटलेलं लाल कापड, सोनेरी धाग्याचं भरतकाम, शेजारी मोजपट्टी]

सव्वातीन इंच. कापडातून कापलेल्या 'ए' या अक्षराच्या प्रत्येक रेघेची ही लांबी. अमेरिकेतल्या सेलेमच्या कस्टम हाउसमध्ये, म्हणजे जकात कचेरीत, जुन्या कागदांत हे कापड सापडलं आणि आपण ते मोजलं, असं अमेरिकन कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न 'द स्कार्लेट लेटर' या कादंबरीच्या प्रस्तावनेत सांगतो. तिथली त्याची नोकरी खरी, १८४९मध्ये ती गेली हेही खरं. कापडाची हकिगत मात्र रचलेली. पण माप इतकं चोख दिलंय, की वाचणारा फसतोच.

१८५०च्या या पुस्तकाला त्याने 'रोमान्स' म्हटलं. प्रेमकथा या अर्थाने नव्हे. राहत्या घरातली बैठकीची खोली घ्या, असं तो म्हणतो. लहान मुलाचा बूट, लाकडी घोडा, सगळं रोजचंच. त्यावर चांदणं पडलं की तेच सामान परकं वाटू लागतं. वास्तव आणि कल्पना यांची गाठ त्या उजेडात पडते. तेव्हा या कादंबरीतला रोमँटिसिझम, म्हणजे भावना, कल्पना आणि निसर्ग यांना मान देणारा स्वच्छंदतावाद, शोधायचा, तर प्रत्येक प्रसंगात उजेड कुठून येतोय ते बघत जावं.

[पडद्यावर: जंगलातली पायवाट, झाडांमधून सरकणारा कवडसा]

सतराव्या शतकातलं प्युरिटन, म्हणजे कडक धर्मशिस्तीच्या ख्रिस्ती पंथाचं, बॉस्टन. नवरा बेपत्ता असताना हेस्टर प्रिनला मूल झालं, म्हणून व्यभिचाराची खूण ('अडल्टरी'चा 'ए') असलेलं ते अक्षर कायमचं तिच्या छातीवर. मुलीचा बाप म्हणजे गावाचा लाडका धर्मोपदेशक डिम्सडेल. त्याचं नाव ती घेत नाही. सोळाव्या प्रकरणात मायलेकी जंगलातून चालल्यात. छोटी पर्ल म्हणते, आई, ऊन तुझ्यापासून पळतं, तुझ्या छातीवरच्या त्या वस्तूला भितं. ती स्वतः धावत जाऊन उन्हात उभी राहते. हेस्टर हात पुढे करते, आणि ऊन नाहीसं.

अठराव्या प्रकरणात हेस्टर अक्षर काढून भिरकावते. केस मोकळे सोडते. त्या क्षणी ऊन अरण्यभर सांडतं, गळलेली पिवळी पानं सोन्याची होतात. माणसाच्या मनाला निसर्गाने दिलेला हा प्रतिसाद म्हणजे अस्सल स्वच्छंदतावाद. निसर्गात आत्म्याचं प्रतिबिंब पाहणारा अमेरिकन विचारवंत इमर्सन याने 'नेचर' या पुस्तकाचं काही लेखन काँकर्ड गावच्या ज्या घरात केलं, त्याच घरात हॉथॉर्न १८४२ ते १८४५ भाड्याने राहत होता. ही विचारसरणी त्याला घरबसल्या माहीत होती.

बरेच वाचक इथेच थांबतात आणि 'गाव म्हणजे बंधन, जंगल म्हणजे मुक्ती' अशी जोडी लावून मोकळे होतात. पण अक्षर पडलं कुठे, ते पाहा. ओढ्याच्या अलीकडच्या काठावर. वीतभर पुढे गेलं असतं, तर पाण्यात पडून वाहून गेलं असतं. पलीकडे पर्ल उभी आहे, बोट रोखून. अक्षर पुन्हा लावल्याशिवाय ती ओढा ओलांडत नाही. हेस्टर ते लावते, केस टोपीत कोंबते, आणि तिच्या चेहऱ्यावरचं तेज मावळतं. डार्क रोमँटिसिझम तो हाच: निसर्ग क्षमा करतो, पण त्या क्षमेवर पोटची पोरही विश्वास ठेवत नाही.

[पडद्यावर: रात्र, रिकामा चौथरा, आकाशात लालसर झळाळी]

बाराव्या प्रकरणात डिम्सडेल मध्यरात्री शिक्षेच्या चौथऱ्यावर चढतो. उल्का चमकते आणि त्याला आभाळात 'ए' दिसतो. गव्हर्नर विन्थ्रॉप त्याच रात्री वारलेले असतात, म्हणून गावकरी त्याच अक्षराचा अर्थ 'एंजल', म्हणजे देवदूत, असा लावतात. (खरे विन्थ्रॉप १६४९च्या मार्चमध्ये वारले, हॉथॉर्नने ती रात्र मे महिन्यात नेली.) निवेदक मात्र पंचाईत करून ठेवतो: दोष त्याच्या नजरेचा, दुसऱ्या कुणा अपराध्याला तिथे वेगळंच चिन्ह दिसलं असतं.

तेविसाव्या प्रकरणात भर दुपार आहे, सगळं गाव जमलंय. डिम्सडेल छाती उघडी करतो, आणि नेमका तेव्हाच निवेदक वर्णन करायचं नाकारतो. पुढच्या प्रकरणात साक्षीदारांच्या तऱ्हा. कुणी म्हणतं, त्याने स्वतःच कोरून घेतलेलं अक्षर होतं. कुणी म्हणतं, वैद्य बनून गावात राहणारा हेस्टरचा नवरा चिलिंगवर्थ, त्याच्या औषधांनी उमटलेलं. कुणी म्हणतं, पश्चात्ताप आतून कुरतडत बाहेर आला. काहींना तिथे काहीच दिसलं नाही. मध्यरात्रीच्या उल्केने जेवढं कळलं, तेवढंच भर दुपारच्या उन्हात.

[पडद्यावर: दोन थडगी, मध्ये अंतर, एकच शिळा]

शेवटी हेस्टर आणि डिम्सडेलच्या थडग्यांवरची एकच शिळा. काळ्या पार्श्वभूमीवर लाल 'ए'. या साऱ्या कथेत सतत पेटलेला एकच ठिपका आहे, आणि हॉथॉर्न म्हणतो, तो सावलीहूनही उदास आहे.