कामावर कोणी ठेवलं?

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, बिनकागदाचे तिकडं गेले म्हणून परत धाडलेले १०४ भारतीय, प्रवासात बहुतेकांच्या हातापायात बेड्या, त्यात ३ जण आपल्या महाराष्ट्रातले. त्या आठवड्यात धंतोलीच्या चहाटपरीवर म्हणा, लग्नात म्हणा, जिथं गेलो तिथं एकच ऐकलं, ‘गेलेच काहून बे तिकडं?’ प्रश्न चुकीचा नाही. पण जे तिकडं पोचतात आणि वर्षानुवर्षं राहतात त्यांना कामावर ठेवते कोण, हे कोणीच विचारत नव्हतं, आणि मी ४० वर्षं कामगारांच्या केसेस लढलो त्यामुळं मला तर तोच प्रश्न पहिले पडते.

१९५२ साली तिकडं कायदा झाला की बिनकागदाच्या परदेशी माणसाला आसरा देणं, लपवणं हा गुन्हा. त्यातच एक ओळ घातली, की त्याला कामावर ठेवणं म्हणजे आसरा देणं नव्हे. टेक्सासच्या शेतमालकांसाठी घातलेली म्हणून तिचं नावच पडलं ‘टेक्सास प्रोव्हिझो’. ३४ वर्षं असंच चाललं. मग १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नव्या कायद्यावर सही केली, सुमारे २७ लाख लोकांना कागदपत्रं मिळाली आणि पहिल्यांदाच देशभर मालकावर दंड आला, पहिल्या खेपेला एका कामगारामागं २५० ते २,००० डॉलर. पण दंड कधी, तर ‘जाणूनबुजून’ ठेवलं असेल तर. मालकानं आय-नाइन नावाचा फॉर्म भरायचा, कागद बघायचे, वरवर खरे दिसले की झालं. उद्या कागद खोटा निघाला तर मजूर आत, आणि मालक म्हणतो मी तर बघूनच ठेवलं होतं साहेब. मधात ठेकेदार असला तर मग विचारूच नका. मालकाला माहीत होतं हे कोर्टात सिद्ध करायला काय लागते, ते माझ्या धंद्यातल्या कोणालाही विचारा.

आयोवा राज्यात पोस्टव्हिल म्हणून छोटंसं गाव आहे. १२ मे २००८ ला तिथल्या मांसाच्या कारखान्यावर धाड पडली, ३८९ लोक धरले, बहुतेक ग्वाटेमालाचे. त्यातल्या जवळपास ३०० जणांना खोट्या कागदांच्या गुन्ह्यात काही दिवसांतच शिक्षा, बहुतेकांना ५ महिने तुरुंग आणि मग देशाबाहेर. कारखाना चालवणाऱ्यालाही शिक्षा झाली, मोठी झाली, पण ती बँकेला फसवल्याची, कामगार ठेवल्याचे आरोप सरकारनं मागं घेतले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप नाही आली, खरं सांगतो.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. शेतमजुरांचे मोठे पुढारी सीझर चावेझ स्वतः एकेकाळी बिनकागदाच्या मजुरांच्या विरोधात होते, कारण मालक त्यांना संप फोडायला आणत. आणि नियम पाळणाऱ्या मालकाचंही ऐका. शेतीसाठी एच-टू-ए व्हिसा आहे, त्याला आकड्याची मर्यादा नाही, पण राहायची जागा द्या, ठरलेला दर द्या, अर्जामागं अर्ज करा, आणि शेजारचा यातलं काहीच न करता अर्ध्या खर्चात माल काढतो. इमानदार माणूस मरतो त्यात. म्हणून मालकावर सक्ती हवीच असं माझं ठाम मत आहे, पण धाडीनं ती होत नाही, धाडीनं फक्त उरलेले मजूर अजून गप्प होतात.

त्या गप्प होण्याचंच मालकाला मोल आहे. मी ते इथं, आपल्या नागपुरात पाहिलं. सकाळी सातला ठिय्यावर, म्हणजे मजूर कामाची वाट बघत उभे राहतात तिथं, छत्तीसगडचा एक पोरगा भेटला, विशीतला, बोटांच्या पेरांत सिमेंट, आणि आधार कार्ड ठेकेदाराकडं ठेवलेलं, २३ दिवसांची मजुरी बाकी. मी म्हटलं चल, लेबर ऑफिसला अर्ज टाकू. ‘वकीलसाहब, कार्ड नहीं देगा फिर.’ याच देशाचा नागरिक आहे तो, आपला कायदा पूर्ण त्याच्या बाजूनं आहे, तरी एक कार्ड दाबून ठेवलं तर तोंड बंद. तिकडं ज्याच्याबद्दल सरकारला एक फोन गेला की देशाबाहेरच काढतात, त्याचं काय होत असेल?

२००२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ नं सांगितलं की युनियन करतो म्हणून बेकायदा काढलं तरी अशा कामगाराला बुडालेला पगार मिळणार नाही. म्हणजे मालकानं कायदा मोडला हे मान्य, भरपाई मात्र शून्य. उलट्या दिशेचं पाऊल मला दिसलं ते जानेवारी २०२३ चं, मालकाविरुद्ध साक्ष देणाऱ्याला काही काळ देशाबाहेर काढायचं नाही आणि काम करायची परवानगी द्यायची, यासाठी तिकडच्या सरकारनं सोपी पद्धत जाहीर केली. कायदा नव्हता तो, नुसता सरकारी निर्णय, सरकार बदललं की डळमळणारा. पण ठिय्यावरच्या माणसाला नेमकं तेच लागते, बोललो तर माझं काय होईल याचं उत्तर.

त्या पोराचं कार्ड आम्ही तिघं जाऊन परत आणलं. मजुरी मिळाली १५ दिवसांची, ८ दिवसांची अजून बाकी आहे, केस चालू आहे.