घेवड्याचा करपा: आधी बियाणं, मग पंप

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात श्रावण घेवड्याच्या शेंगेवर तेल सांडल्यासारखा डाग दिसला, की भाव उतरतो. हाच डाग शेतात आधी पानावर आलेला असतो.

पान उलटं करून उन्हाकडे धरा. पाण्यात भिजल्यासारखे, आरपार उजेड जाणारे ठिपके दिसले, तर तो जिवाणूजन्य करपा. बोटाला तांबूस भुकटी लागली, तर तांबेरा. तो बुरशीचा रोग. इथली गल्लत महागात पडते, कारण बहुतेक बुरशीनाशकं जिवाणूवर चालतच नाहीत.

हा करपा मुख्यतः दोन प्रकारचा. 28 ते 32 अंशांच्या दमट हवेत झँथोमोनास हा जिवाणू वाढतो. डाग मोठे होऊन कागदासारखे वाळतात, कडेला बारीक, लिंबासारखी पिवळी पट्टी राहते. डाळिंबावरचा तेल्या रोग याच कुळातला. 16 ते 20 अंशांच्या गारव्यात स्युडोमोनास हा दुसरा जिवाणू येतो. ठिपका टाचणीच्या टोकाएवढा, पण भोवती रुंद, फिकट हिरवट-पिवळं वलय. हवा तापली की वलय दिसेनासं होतं, रोग गेलेला नसतो.

दोन्हींचं मूळ बियाण्यात. वलयाच्या करप्याला हवा मानवली, तर 16 हजार बियांत एक रोगट बी साथीला पुरते. जिवाणू बियाच्या आतही असतो, म्हणून थायरम हे बुरशीनाशक चोळून तो मरत नाही. रोग दिसलेल्या प्लॉटचं बी ठेवूच नये, कितीही टपोरं दिसलं तरी.

पुढे जिवाणूला पाणी नेतं. पावसाचे शिंतोडे, तुषार सिंचन, आणि ओल्या पानांतून फिरणारे आपलेच हात-पाय. ठिबक वापरा. दव सुकल्याशिवाय तोडणी किंवा खुरपणी नको.

पहिले ठिपके दिसताच कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्के, 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम, पानाच्या खालच्या बाजूलाही पोचेल असं फवारा. ते निरोगी पान वाचवतं, लागण झालेलं बरं करत नाही. घेवडा दर तीन-चार दिवसांनी तोडला जातो, तेव्हा लेबलवर पीक आणि तोडणीपूर्वीचे दिवस वाचल्याशिवाय पंप भरू नका. प्रतिजैविकं टाळा, जिवाणू त्यांना सरावतात, आणि ही शेंग थेट ताटात जाते.

शेवटच्या तोड्यानंतर झाडं बांधावर टाकू नका, खोल नांगरून गाडा. पुढची दोन वर्षं त्या रानात बाजरी किंवा मका घ्या. आपोआप उगवलेली घेवड्याची रोपं दिसतील तेव्हा उपटा.